पुंजाजी गेला आणि चित्र आलं

१

कार्तिकातला तो रविवार मी पुष्कळदा मनाशी उलगडून पाहिला आहे. त्यात काहीच नाही. आईनं चुलीत वांगं भाजायला घातलं होतं. बा शाळेमागच्या जाळीवरची कोळिष्टकं झाडत होते आणि मी मागे उभी राहून त्यांना कारंज्याच्या शाळेत मी शिकवायचे त्या पोरांच्या गमती सांगत होते. ते हसत होते. एवढंच.

जाळी म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेची मोठी वाटोळी छत्री. तोंड मावळतीच्या आभाळाकडे, समोर एक दांडी आणि दांडीच्या टोकाला डबी. वर फिरणाऱ्या उपग्रहाचं चित्र त्या जाळीत पडे, डबीत गोळा होई आणि तारेतून शाळेच्या ओसरीवरच्या टीव्हीत उतरे. त्या वर्षी प्रयोग म्हणून थोड्या गावांना अशी जाळी मिळाली होती. टाकळझरीच्या जाळीची राखण बांकडे होती. टीव्हीच्या पेटीची किल्ली ते करदोड्याला बांधत. बौद्धपुऱ्यातल्या माणसाच्या कमरेला गावाच्या पेटीची किल्ली, हे काहींना रुचलं नव्हतं. बांना मात्र त्या किल्लीचा रुबाब वाटे.

"राहून जाय न आज," ते म्हणाले. "आज बाहुल्यायचा खेळ हाये म्हनतात. तू तं एकडावही पाह्यलं नाई."

"बस चुकते बा. उद्या शाळा आहे."

"हो. बस तं चुकते."

दर रविवारी ते हेच विचारत आणि मी हेच सांगे. शनिवारी टीव्ही बंद असे आणि रविवारचा खेळ रंगायच्या आत शेवटची बस येई. फाट्यापर्यंत माझी पिशवी त्यांनीच धरली. बस हलली तेव्हा त्यांनी पत्र्यावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं अंगण झाडता झाडता ते भिंतीला टेकून बसले, ते उठले नाहीत.

आमच्याकडे छप्पन सालापासून सुतक नाही, पिंड नाही. बुद्धवंदना झाली, लोक आले, गेले. मी आठवडाभर आईजवळ थांबले आणि कारंज्याला परतले. पुढच्या शनिवारी पुन्हा टाकळझरीच्या फाट्यावर उतरले, तेव्हा विहिरीवर बाया पाणी शेंदत होत्या. त्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या.

"काई म्हना बाप्पा," त्यांतली एक म्हणाली, "पुंजाजी गेला आन् चित्र आलं."

२

शाळेसमोर जीप उभी होती. अकोल्याहून जाळी तपासायला आलेले सोवनी साहेब ओसरीवर एक यंत्र उघडून बसले होते. तिशीचा, चष्मा लावणारा माणूस. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले आणि त्यांना माझ्याशी काय बोलावं ते सुचेना. त्यावरूनच मला कळलं की गोष्ट बरी नाही.

श्रावणापासून टाकळझरीचं चित्र संध्याकाळी मध्येच जात होतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या. थोड्या वेळानं परत येई. बांनी कधी काही कळवलं नव्हतं. तक्रार गावातून गेली होती.

"पहिल्यांदा मला वेगळीच भीती वाटली," सोवनी म्हणाले. "उपग्रहाचं काम बिघडवायचे तीन रस्ते आहेत. एक, थेट त्याच्यापर्यंत चुकीचा हुकूम पाठवणं. दुसरा, त्याच्याच लहरीवर आपलं जोरकस यंत्र लावून त्याचा आवाज बुडवणं. पण या दोन्हींत शेजारच्या गावांचं चित्रही गेलं असतं. ते गेलं नाही. मग उरला तिसरा. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटरवर आहे, त्याला कोण हात लावणार? पण त्याचे पाय जमिनीवर असतात. जिथं चित्र उतरतं, तिथं."

"म्हणजे इथं. बांच्या जाळीत."

त्यांनी चष्मा पुसला. "किल्ली त्यांच्याकडे. चित्र गेलं की ते एकटे शाळेमागे जात आणि ते मागे गेले की चित्र परत येई. हे सगळं गाव सांगतं. आणि ते गेल्यापासून चित्र एकदाही गेलेलं नाही. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. माझ्या जागी काय लिहाल?"

ते लिहिणार होते: राखणदाराकडून घातपात. आणीबाणीचे दिवस होते, तो शब्द कागदावर आला तर पोलीस येत. टीव्ही दुसऱ्या गावाला जाणार होता. आणि टाकळझरीत बांची आठवण एवढीच उरणार होती, की हातात किल्ली दिली तर या माणसानं दगा दिला. आमच्या पुऱ्यातल्या कोणाच्या हाती पुन्हा किल्ली आली नसती.

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, त्यांत रहस्यकथाही पुष्कळ. त्यांनी मला एक शिकवलं आहे. सर्वांत जड पुरावा सर्वांत आधी उलटून पाहावा.

"साहेब, तुमचा शेवटचा मुद्दा सर्वांत मोठा आहे. माणूस गेला आणि बिघाड थांबला. पण माणूस जातो तेव्हा फक्त त्याचेच हात थांबतात का? त्याच्यामुळे गावात आणखी काय काय थांबतं, ते कोणी पाहिलं?"

सोवनींनी यंत्राचं झाकण लावलं. "मी उद्या संध्याकाळचं चित्र पाहून निघणार आहे," ते म्हणाले. "तोवर पाहा."

३

किल्ली आता उकंडरावांच्या कमरेशी, जानव्याला बांधलेली होती. टीव्ही आला तेव्हापासून त्यांना ती हवी होती.

"माया जानव्याले शोभते का नाई?" ते म्हणाले आणि माझा चेहरा पाहून ओशाळले. "राग नको मानू व बाई. पुंजाजी मानूस चांगला होता. पन किल्ली काई पचली नाई त्याले."

"चित्र जायचं तेव्हा तुम्ही कुठं असायचे?"

"म्या? खुर्चीवर. सगयात पुढं. मायी खुर्ची म्होरं अन् पोट्टे बोंबलतात मांगं, का उकंडरावचं पागोटं आडवं येते. विचार कोनालेबी."

विचारलं. खरं होतं. त्यांचं पागोटं सगळ्या गावानं रोज पाहिलं होतं.

दुसरा संशय लखीरामवर होता. शिरपूरला त्याचा तंबूतला सिनेमा होता आणि फुकटचा टीव्ही आल्यापासून आमच्या बाजूची गिऱ्हाइकं आटली होती. सकाळच्या बसनं मी शिरपूरला जाऊन आले. जैन मंदिराच्या वाटेवर त्याचा तंबू दिवसा फाटक्या पोत्यासारखा दिसत होता.

"मी बिघडोला असता, काहून नाई!" लखीराम उघडपणे म्हणाला. "पन संध्याकाई तिकिटाच्या खिडकीवर मीच बसतो. नोकरावर भरोसा नाई माया. गुरुवारी तेवढा खेळ बंद. गुरुवारी चित्र जाये का तुमचं?"

परतल्यावर मी आईला तेच विचारलं.

"गुरुवारी?" चंपाबाई, माझी आई, तांदूळ निवडत होती. "नाई. गुरुवारी कधीच नाई गेलं. गुरुवारी तुया बा मांगंबी जाये नाई. नुसता बसून राहे, तोंड उतरोऊन. म्या म्हनो, आज तं चित्र चांगलं दिसून राह्यलं, मंग काहून असे बसले? तं काई बोले नाई."

लखीराम सुटला. ज्या दिवशी त्याला सवड, त्याच दिवशी चित्र साफ. पण गुरुवार माझ्या मनात अडकला. गुरुवारी मंगरूळपीरचा बाजार असतो. गावातल्या चार-दोन गाड्या धान्य घेऊन जातात आणि दिवेलागणीनंतर परततात.

आईनं बांचा सदरा धुतला नव्हता. ट्रंकेत तसाच ठेवला होता. मी तो तोंडाशी धरला. तमाखूचा वास आला, घामाचा आला, आणि त्याखाली आणखी एक वास आला, जो बांचा नव्हता. ओल्या लोकरीचा. बाहीवर काळे, राठ केस चिकटले होते.

"आई, आपल्या घरी घोंगडी आहे?"

"कायची घोंगडी. तुया बा गोधडी पांघरे. त्याईले लोकर टोचे." ती थांबली. "हातालेबी वास ये त्याईच्या, मेंढरावानी. आन् तमाखू, माय, सावनापासून दुप्पट लागे. म्या म्हनो, खाता का पेरता?"

४

गुरुवारी गाडी घेऊन मंगरूळपीरला जाणाऱ्यांत एक नाव असं होतं, की ते मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. रामराव.

बा आणि रामराव लहानपणी एकत्र गुरं राखत. एक कुणबी, एक महार. पण रानात कोण पाहतं. मला लहानपणी रामाकाकांच्या खांद्यावर बसल्याचं आठवतं. पोळ्याला रामराव पाटलांच्या जोडीचा पहिला मान असे आणि तोरणाखाली बा त्यांच्या बैलांपुढे हलगी वाजवत. दीक्षा घेतल्यानंतरच्या पोळ्याला बा गेले नाहीत. गावकीची कामं आता नाहीत, हे सगळ्या पुऱ्यानं ठरवलं होतं. रामराव तोरणाखाली बैल धरून उभे, मानकरी हसतायत, आणि हलगी नाही. त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर आण घेतली, पुंजाशी पुन्हा बोलणार नाही. अठरा वर्षं झाली. त्यांनी आण मोडली नव्हती. वाटेत समोर आले तर दोघंही मान खाली घालून जात.

प्रयागबाई, त्यांची बायको, अंगणात ज्वारी पाखडत होती.

"ये व माय अंजा. बस. लय वाईट झालं." तिनं सूप खाली ठेवलं. "चहा ठेवतो. आता कुठं घरात धड सैपाक होते. धा दिवस म्हाताऱ्यानं अळणी खाल्लं. फोडणी नको म्हने, डोक्याले तेल नको म्हने. गादीवर निजे नाई, भुईवर पडे. म्या म्हनलं, पोट बिघडलं असन. आता चार दिस झाले, डोक्यातोंडाचा शेला सोडत नाई."

"घरात कोणी वारलं होतं का काकू? भाऊबंदांत?"

"नाई वं. देवानं सगये ठेवले हायेत."

रामराव गोठ्यात होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी पाहिलं आणि बैलाच्या मानेकडे वळले. माझ्याशीही त्यांची आण होती की काय, कोण जाणे. खुंटीवर काळी घोंगडी टांगली होती. तिचा वास दारापर्यंत येत होता, आणि तो वास मी तासाभरापूर्वी बांच्या सदऱ्यात घेतला होता.

मला वाटलं, सापडला माणूस. अठरा वर्षांचा राग आहे. बांची गावात नाचक्की व्हावी म्हणून तो त्यांची जाळी बिघडवतो आणि ते गेल्यावर थांबतो. सगळं जुळत होतं.

तेवढ्यात बैलानं मान झटकली. शिंग रामरावांच्या डोक्यातोंडाला गुंडाळलेल्या शेल्यात अडकलं आणि शेला निसटला.

डोकं तासलेलं होतं. मिशाही नव्हत्या.

दहाव्या दिवशी मुलं करतात, भाऊ करतात, तसं. त्या घरात कोणी गेलं नव्हतं. आमच्या घरी माणूस गेलं होतं, पण आमच्यात सुतक नव्हतं. टाकळझरीत पुंजाजीचं सुतक एकाच माणसानं पाळलं होतं, आणि तो त्यांचा वैरी होता.

५

दुपारी मी सोवनींना शाळेमागे नेलं. जाळीच्या बाजूला पडक्या भिंतीचा तुकडा आहे, बसायला सोयीचा. त्यावर पोत्याची घडी होती, बसून बसून दबलेली, आणि तिच्या शेजारी तमाखूचे डाग.

"कोणीतरी इथं रोज बसत होतं," सोवनी म्हणाले. "टीव्ही पाहायला?"

"बसून पाहा."

ते बसले. समोर जाळी, वर आभाळ, बाजूला शाळेची कोरी भिंत. टीव्ही पुढच्या ओसरीवर. इथून फार तर आवाज ऐकू आला असता.

"जो बसायचा त्याला टीव्ही दिसत नव्हता," मी म्हणाले. "आणि ही दांडी पाहा."

डबीजवळ तारेत काळे केस अडकले होते. सोवनींनी ते चिमटीत धरले. "घोंगडी?"

पुऱ्यातून एक जुनी घोंगडी मागून आणली. दुपारी उपग्रहावरून तपासणीसाठी नुसती लहर सोडत. तिनं सोवनींच्या यंत्राचा काटा वर चढला होता. त्यांनी घोंगडी दांडीवर, डबी झाकेल अशी टांगली. काटा जागचा हलला नाही.

"लोकर लहरीला अडवत नाही," ते म्हणाले.

 मग घोंगडीनं काही झालंच नव्हतं. मग रामाकाकाही सुटले. मी जवळजवळ हसलेच, आणि त्याच वेळी सदऱ्याचा वास आठवला. कोरड्या लोकरीला तसा वास येत नाही.

शाळेच्या हौदातून बादली भरून आणली आणि घोंगडीवर ओतली.

काटा खाली पडला.

"पाणी," सोवनी हळूच म्हणाले. "ओली घोंगडी म्हणजे पाण्याची भिंत. पावसाळ्यात कोणी अंगावरची भिजलेली घोंगडी सहज टांगली असेल. त्याला बिचाऱ्याला काय माहीत." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण बाई, पाऊस आश्विनात संपला. चित्र कार्तिकातही जात होतं."

मला ते त्यांच्याआधी कळलं होतं. कोरडी घोंगडी कोणीतरी हौदात बुडवून आणत होतं. म्हणजे मुद्दाम.

"कोणाची?" त्यांनी विचारलं.

मी घोंगडी उतरवून पिळायला घेतली. नाव सांगितलं की बा सुटत होते. पण कशातून सुटत होते? ते रोज मागे येत, घोंगडी पाहत, काढत. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी गावाला सांगितलं नव्हतं, वर कळवलं नव्हतं. संशय अंगावर घेतला, पण नाव घेतलं नाही. मी ते कसं घेऊ?

त्या पोत्यावर मी बसून राहिले. बसणाऱ्याला टीव्ही दिसत नव्हता. मग त्याला काय पाहायचं होतं? चित्र गेलं की इथं काय होई? चित्र गेलं की राखणदार येई. दुसरं काहीच होत नसे. गुरुवारी घोंगडी नसे, आणि गुरुवारी बा तोंड उतरवून बसत.

तमाखू दुप्पट लागत होती.

मग मी उठले आणि रामरावांच्या गोठ्यापर्यंत गेले. ते पाठमोरे उभे होते.

"काका," मी म्हणाले, "चित्र बंद करायला कोणी घोंगडी टांगत नव्हतं. बांना बोलवायला टांगत होतं. हे मला कळलं आहे. मी कोणाला सांगणार नाही. बांनी सांगितलं नाही, तर मीही नाही. पण आज संध्याकाळी साहेब लिहिणार आहेत की हे पुंजाजीनं केलं."

ते बैलाची मान चोळत राहिले. मी परत फिरले.

६

संध्याकाळी अंगण भरलं होतं. माझी पिशवी ओसरीच्या खांबाजवळ होती. शेवटची बस अजून यायची होती. उकंडरावांनी किल्ली फिरवली, पडदा उजळला. कोणीतरी बाई शेतीच्या बियाण्यांविषयी शुद्ध भाषेत सांगत होती. बांनी राखलेलं चित्र मी पहिल्यांदा पाहत होते. सोवनी कागद मांडीवर घेऊन बसले होते.

पडद्यावर मुंग्या आल्या.

 मग कोणी तरी म्हणालं, "माय! पुंजाजी परत आला का काय?" आणि कोणी हसलं नाही.

रामराव शाळेच्या कोपऱ्यावरून पुढे आले. डोक्याला शेला नव्हता. तासलेलं डोकं सगळ्यांना दिसत होतं. हातातून, धोतरातून पाणी ठिबकत होतं.

"घोंगडी मायी हाये," ते म्हणाले. "रोज म्याच टांगे. पुंजा नुसता काढाले ये."

उकंडराव खुर्चीवरून अर्धे उठले. "काहून पाटील? टीव्हीनं काय घोडं मारलं तुमचं?"

"टीव्हीनं काई नाई केलं. म्या तं पाह्यलाबी नाई अजून." त्यांना बोलायची सवय मोडल्यासारखी झाली होती, शब्द शोधावे लागत होते. "पयल्यांदा पानी चालू होतं. इथं तुमच्यात येऊन बसाची लाज. मांगं बसलो आवाज आयकत. घोंगडी दांडीवर टाकली. चित्र गेलं आन् थो आला. अठरा वर्षांनं मायापुढं उभा राह्यला. घोंगडी काढली, घडी केली, मायाजोळ ठेवली. मंग दुसऱ्या दिशी म्या मुद्दाम टांगली."

"आन् पानी उघडल्यावर?" उकंडरावांनी विचारलं.

"कोरडी टांगली तं थो येच ना. मंग भिजवली."

"बोलले काय तुमी दोघं?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"आण होती न."

"पुंजाजीले तं नोती आण. त्यानं तं बोलाव."

रामरावांनी ओल्या हातानं तोंड पुसलं. "थो बोलला असता तं मले उत्तर द्या लागलं असतं. आण मोडली असती मायी. ते नाई मोडू देल्ली त्यानं. तमाखू मये, अर्धी माया तयहातावर ठेवे. दोघं खात बसो. मंग थो जाये तुमचं चित्र पाहाले." ते सोवनींकडे वळले. "साहेब, ज्याचं नाव लिवाचं त्याचं लिवा. रामराव म्हनून लिवा. त्याचं नाव खराब करू नका. धरून नेता तं न्या."

सोवनींनी मांडीवरचा कागद सरळ केला.

"राखणदारानं कळवायला हवं होतं," ते मला म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "हवं होतं."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. लिहिताना ते मोठ्यानं वाचत गेले, पहिल्या ओळीपासून सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जाळीसमोर ओल्या कापडाचा अडथळा आढळला. वाईट हेतू नाही. राखणदार पुंजाजी यांचा बिघाडात हात नाही. जाळीभोवती कुंपण घालावं. टीव्ही टाकळझरीतच राहू द्यावा." मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "किल्लीचं काय ते गावानं ठरवावं."

उकंडरावांचा हात कमरेशी गेला. त्यांनी किल्ली सोडली आणि जागेवरून न उठता जवळच बसलेल्या आईपुढं धरली. आईनं ती घेतली, पाहिली आणि पदराच्या टोकाला बांधली.

पडद्यावर अजून मुंग्याच होत्या. घोंगडी मागे लटकलेली होती. ती काढायची, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी उठेना. ते एका माणसाचं काम होतं.

मी उठले आणि मागे गेले. घोंगडी भारी जड होती. दांडीवरून उतरवताना पाणी माझ्या कोपरांवरून ओघळलं, आणि तो वास आला, सदऱ्यातला. मी तिची घडी केली आणि भिंतीच्या तुकड्यावर ठेवली. ओसरीकडून पोरांची आरोळी आली, "आलं! आलं!"

रामाकाका हळूहळू येऊन पोत्याच्या एका टोकाला बसले. दुसरं टोक त्यांनी मोकळं ठेवलं. मी तिथं बसले नाही, शेजारी उभी राहिले. मावळतीला आभाळात उजेडाची एक फट उरली होती आणि जाळी तिकडे तोंड करून उभी होती, रोजच्यासारखी, काहीतरी यायचं असल्यासारखी.

लांब फाट्यावर बसचा भोंगा वाजला.

"बस चुकन न तुयी," रामाकाका म्हणाले. अठरा वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

मी पुढे झाले. जाळीच्या गार तारेवर हात ठेवला, जिथली कोळिष्टकं बा त्या रविवारी झाडत होते.

"राह्यतो बा आज," मी मोठ्यानं म्हणाले.